तारखेला गार्ड नव्हता: तुरुंगातल्या बायकांच्या ‘चैनी’बद्दल फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

आमचा निवृत्त सिस्टरांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. सकाळी देवाचे फोटो, मग कुणाच्या नातवाचं बारसं, कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन, पेन्शनचा फरक जमा झाला का, असं सगळं तिथे चालतं. गेल्या आठवड्यात त्यावर एक मेसेज आला. दुपारी तोच सोसायटीच्या ग्रुपवर दिसला आणि रात्री भाच्याने पाठवला, ‘आत्या, हे खरं आहे का?’ असं विचारत.

मेसेजचं सार असं. तुरुंगातल्या बायकांना चोवीस तास डॉक्टर, फुकट औषधं, फुकट बाळंतपण, आणि बाहेरची गरीब बाई मात्र दवाखान्याच्या रांगेत मरते. या सगळ्या गुन्हेगार, त्यांच्यावर आपल्या कराचा पैसा का घालवायचा? तुरुंगात असूनही त्या गरोदर राहतात, एकट्या बंगालच्या तुरुंगांत 196 मुलं जन्मली, आणि पोट दिसायला लागलं की जामीन मिळतो. कायदे सगळे त्यांच्या बाजूचे, पॅडसुद्धा सरकार पुरवतं, तरी संस्थावाल्यांची रड चालूच. शेवटी ‘पटलं तर पुढे पाठवा’.

भाच्याला मी त्या रात्री एवढंच लिहिलं, की नाही रे, खरं नाही. पण हा मेसेज ज्यांनी पुढे पाठवला त्यांत माझ्याबरोबर ड्यूटी केलेल्या दोघीजणी आहेत. मी जे पाहिलं ते त्यांनीही पाहिलेलं आहे. मला झोप लागली नाही ती त्यामुळे. म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहिते आहे.

मी एकतीस वर्षं सरकारी दवाखान्यात काम केलं, त्यातली शेवटची बारा वर्षं स्त्रीरोग ओपीडीत आणि प्रसूती कक्षात. आमच्या गावात जिल्हा कारागृह आहे. तिथल्या बायकांना काही झालं की त्यांना आमच्याकडेच आणायचे.

आधी ‘फुकट’ या शब्दाचं बघू. महाराष्ट्रात 15 ऑगस्ट 2023 पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी, औषधं आणि उपचार सगळ्यांनाच मोफत आहेत. केसपेपरचेही पैसे पडत नाहीत. म्हणजे तुरुंगातल्या बाईला जे मिळतं ते तुम्हाला-मला मिळतं त्याहून तसूभरही जास्त नाही. तिच्यासाठी वेगळा दवाखाना नाही. कारागृहात एक लहानसा दवाखाना असतो, तिथे तापाची, जुलाबाची, मलमपट्टीची सोय असते. सोनोग्राफी, बायोप्सी, ऑपरेशन, बाळंतपण यासाठी तिला त्याच जिल्हा रुग्णालयात यावं लागतं, त्याच रांगेत.

फरक आहे तो तिथवर पोहोचण्यात. तुमच्या-माझ्या पोटात रात्री कळ आली तर आपण नवऱ्याला उठवतो, शेजारचं दार वाजवतो, रिक्षा बघतो, 108 ला फोन लावतो. तुरुंगात संध्याकाळी बॅरेकला कुलूप लागतं. आत कुणाला काही झालं तर बाकीच्या बायका दार बडवतात. ड्यूटीवरची महिला शिपाई येते, ती वरच्याला कळवते, किल्ली येते. डॉक्टर तोपर्यंत घरी गेलेला असतो. सकाळी तो तपासतो आणि गरज वाटली तर रेफर करतो. मग कारागृहाकडून पोलिसांना पत्र जातं, की अमुक बंदीला, म्हणजे कैद्याला, दवाखान्यात न्यायचं आहे, गार्ड द्यावा. बाई न्यायची तर गार्डमध्ये महिला पोलीस पाहिजे. ती मोकळी पाहिजे, गाडी मोकळी पाहिजे, आणि हे सगळं ओपीडी बंद व्हायच्या आत जुळून आलं पाहिजे. यातल्या एकाने जरी ‘आज नाही’ म्हटलं तरी ती बाई आज येत नाही. तिचे पाय धड असतात, पण दवाखान्याकडे चालत जायचा हक्क त्या पायांना उरलेला नसतो. या मेसेजमध्ये हे कुठेच नाही, आणि मला वाटतं सगळ्या गोष्टीची गोम तिथेच आहे.

एक बाई अजून डोळ्यांपुढून हलत नाही. पंचेचाळिशीची असेल. चार महिने अंगावरून जात होतं. पाळी येते आणि थांबतच नाही, असं ती म्हणाली. हिमोग्लोबिन सहाच्या खाली. पापणी खाली ओढून बघितली तर आत कागदासारखं पांढरं. आमच्या डॉक्टर मॅडमनी रक्त चढवायला सांगितलं, सोनोग्राफी लिहिली आणि गर्भपिशवीच्या अस्तराची तपासणी करायला पंधरा दिवसांनंतरची तारीख दिली. या वयात असा रक्तस्राव असेल तर कॅन्सर नाही ना, हे बघावंच लागतं. त्यात दिवस घालवायचे नसतात.

त्या तारखेला ती आली नाही. पुढच्या आठवड्यातही नाही. आली ती अडीच महिन्यांनी. केसपेपर तिने प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवलेला होता, घड्यांवर फाटत आलेला. मी जरा रागानेच विचारलं, ‘तारखेला का नाही आलात?’ ती काही बोलली नाही, तिने शेजारच्या कॉन्स्टेबलकडे बघितलं. कॉन्स्टेबल वाईट नव्हती. तिच्याही चेहऱ्यावर रात्रीची ड्यूटी दिसत होती. ती म्हणाली, ‘सिस्टर, गार्डच नव्हता. आधी गणपतीचा बंदोबस्त, मग नवरात्र, मग मंत्र्यांचा दौरा.’

तो राग मी चुकीच्या माणसावर काढला होता, हे मला तिथल्या तिथे कळलं. टेबलावर घेतलं तेव्हा दिसलं, की त्या बाईने जुन्या साडीचे तुकडे एकावर एक लावले होते. तिला पॅड मिळत होते, पण महिन्याला ठरलेले. तिचं रक्त ठरल्याप्रमाणे जात नव्हतं.

आणखी एक गोष्ट त्याच दिवसाची. तपासणीच्या वेळी कॉन्स्टेबल पडद्याच्या आत उभी राहिली. नियम म्हणून उभी राहिली, बंदी पळाली तर तिची नोकरी जाते. पण त्या टेबलावर पाय वर घेऊन पडलेल्या बाईने मॅडमच्या एकाही प्रश्नाला धड उत्तर दिलं नाही. मॅडमनी कॉन्स्टेबलला पडद्याबाहेर उभं राहायला सांगितलं, तेव्हा कुठे तिने सांगितलं, की लघवीलाही त्रास होतो आणि अटकेच्या वेळी पोटावर लाथ बसली होती. संयुक्त राष्ट्रांनी 2010 साली स्त्री कैद्यांसाठी नियम केले, त्यांना ‘बँकॉक नियम’ म्हणतात. त्यात स्वच्छ लिहिलंय, की तपासणीच्या वेळी तिथे फक्त वैद्यकीय कर्मचारी असावेत आणि सुरक्षेसाठी कुणी थांबायचंच असेल तर ती स्त्री असावी आणि बाईची लाज राखली जावी. आमच्या ओपीडीत हा नियम कुणाला माहीत नव्हता. मॅडमना तो माणुसकीने कळला होता.

‘चोवीस तास डॉक्टर’ म्हणणाऱ्यांनी आकडाही बघावा. आदर्श कारागृह नियमावलीच्या हिशेबाने तीनशे कैद्यांमागे एक डॉक्टर हवा. पोलीस, तुरुंग, न्यायालयं यांचा आढावा घेणाऱ्या इंडिया जस्टिस रिपोर्टच्या 2025 च्या आवृत्तीनुसार देशाची सरासरी 775 कैद्यांमागे एक डॉक्टर अशी आहे. पावणेसहा लाख कैद्यांसाठी मानसोपचारतज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ मिळून पंचवीस. आणि जो डॉक्टर असतो तोही बहुतेक ठिकाणी पुरुष. कारागृहाचा दवाखाना बऱ्याच जिल्ह्यांत पुरुषांच्या बाजूला असतो, कारण कारागृहच पुरुषांचं असतं आणि बायकांसाठी त्यात भिंत घालून एक कोपरा काढलेला असतो. 2022 च्या शेवटी देशात 1,330 कारागृहं होती, त्यांतली फक्त बायकांसाठी असलेली 34. भायखळा आणि येरवडा ही नावं आपल्या ऐकण्यातली आहेत, पण जिल्ह्याच्या गावी पंधरा-वीस बायका अशा कोपऱ्यातच राहतात. तिथल्या बाईला अंगावर पांढरं जातं हे सांगायला पुरुष डॉक्टरसमोर उभं राहावं लागतं, आणि बाजूला शिपाई. ती सांगत नाही. दुखणं वाढत जातं.

आता ‘या सगळ्या गुन्हेगार’.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा 2022 चा अहवाल सांगतो, की 31 डिसेंबर 2022 रोजी देशाच्या कारागृहांत 5,73,220 माणसं होती. त्यांत बायका 23,772, म्हणजे शंभरात चार. एकूण कैद्यांपैकी सुमारे 76 टक्के कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा खटला अजून चालू आहे. बायकांचं प्रमाणही तेच. चार बायकांमागे तिघींना अजून कुठल्याही कोर्टाने गुन्हेगार म्हटलेलं नाही. त्यांतल्या कित्येकजणी उद्या निर्दोष सुटतील. तोवर कित्येकींचं दुखणं हाताबाहेर गेलेलं असेल.

आणि जिचा गुन्हा सिद्ध झाला तिचं काय? कोर्टाने तिला कैद सुनावली, आजार नाही. हे माझं मत म्हणून सांगत नाही, हा कायदा आहे. 1989 साली परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की समोरचा माणूस निर्दोष असो की गुन्हेगार, त्याचा जीव वाचवणं हे डॉक्टरचं कर्तव्य आहे. आम्ही सिस्टर होताना शपथ घेतली, हातात दिवा धरून. त्या शपथेत रुग्णाची चौकशी करून मग सलाईन लावावं असं नव्हतं. माझ्या त्या दोन मैत्रिणींना हे आठवत असेल.

कराच्या पैशाचंही ऐका. कैद्यांवर होणाऱ्या खर्चात निम्म्याहून जास्त पैसा जेवणावर जातो. औषधोपचारावर शंभरातले पाच रुपये, त्याच्या आसपास. उधळपट्टी शोधायची तर ती इथे सापडणार नाही.

मेसेजमधला सगळ्यात घाणेरडा भाग गरोदरपणाचा. तोच लोकांनी जास्त चवीने पुढे पाठवला, म्हणून त्यावर थांबते.

ही बातमी मुळात फेब्रुवारी 2024 ची. कलकत्ता उच्च न्यायालयात तुरुंगांच्या स्थितीवरचं एक प्रकरण चालू होतं. त्यात न्यायालयाला मदत करायला नेमलेल्या वकिलांनी, म्हणजे न्यायमित्रांनी, 8 फेब्रुवारीला एक टिपण सादर केलं. त्यात म्हटलं होतं, की बायका कोठडीत असताना गरोदर राहत आहेत आणि सध्या बंगालच्या वेगवेगळ्या तुरुंगांत 196 मुलं राहत आहेत. नीट वाचा: राहत आहेत. आईला अटक झाली आणि घरी सांभाळायला कुणी नसलं तर सहा वर्षांपर्यंतचं मूल आईबरोबर आत राहू शकतं. त्यातलं कुणी आईचा हात धरून दारातून आत गेलेलं असतं, कुणी कडेवर. मेसेज लिहिणाऱ्याने ‘राहत आहेत’चं ‘जन्मली’ केलं.

सर्वोच्च न्यायालयाने लगेच याची स्वतःहून दखल घेतली. तिथल्या न्यायमित्रांनी माहिती काढली. चार वर्षांत पश्चिम बंगालच्या तुरुंगांत 62 मुलं जन्मली होती, आणि बहुतेक बायका आत आल्या तेव्हाच गरोदर होत्या. काहीजणी पॅरोलवर घरी जाऊन आल्या होत्या. खरी गोष्ट इतकी साधी निघाली. पण 196 चा आकडा गावोगाव पोहोचला आणि 62 चा कुणाला माहीतही नाही.

मला दुसरं एक विचारायचं आहे. समजा ते पहिलं टिपण खरं निघालं असतं. कुलपाच्या आत, सरकारच्या ताब्यात असलेली बाई गरोदर राहिली असती, तर पहिला प्रश्न कुणाला विचारायचा? ज्याच्या हातात किल्ली होती त्याला. त्या टिपणातही पुरुष कर्मचाऱ्यांना बायकांच्या विभागात जाण्यास मनाई करा, अशीच मागणी होती. वकिलांना बायकांच्या सुरक्षिततेची काळजी होती. मेसेजने त्या काळजीचा बाईच्या चारित्र्यावरचा शिंतोडा केला. बाईची बदनामी करणं इतकं सोपं असतं, आणि बायकाच ते पुढे पाठवतात, याचं मला फार वाईट वाटतं.

‘पोट दिसलं की जामीन’ हेही तपासू. 2024 च्या नोव्हेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने एका गरोदर बाईला सहा महिन्यांचा तात्पुरता जामीन दिला, याचा मेसेजवाले नेहमी दाखला देतात. ती बाई एप्रिलमध्ये गांजाच्या प्रकरणात पकडली गेली, तेव्हाच दोन महिन्यांची गरोदर होती. जामीन मिळाला तो दिवस भरत आल्यावर, न्यायमूर्ती ऊर्मिला जोशी-फलके यांच्यापुढे, तेही उच्च न्यायालयापर्यंत गेल्यावर. तुरुंगातल्या वातावरणात बाळंतपण झालं तर त्याचा आईवर आणि बाळावरही परिणाम होईल, असं न्यायालयाने म्हटलं. सुटका नव्हे, सहा महिने. सात-आठ महिन्यांचं पोट घेऊन ती तुरुंगात होतीच. आमच्याकडे येणाऱ्या बायकांपैकी किती जणींना उच्च न्यायालयात जाणारा वकील परवडत होता? माझ्या बारा वर्षांत बाळंतपणाआधी जामिनावर सुटलेली एकच बाई मला आठवते.

बाकीच्या आमच्याकडेच बाळंत झाल्या. एकीची आठवण सांगते. वीस-बावीस वर्षांची पोर, पहिलटकरीण. रात्री आणली तेव्हा गर्भपिशवीचं तोंड चार बोटं उघडलेलं. म्हणजे संध्याकाळपासून कळा येत असणार. एका हाताला दोरी, दोरीचं टोक कॉटच्या दांड्याला. मी सोडा म्हटलं, गार्ड म्हणाला साहेबांना विचारावं लागेल. कळ आली की ती वळायला बघायची आणि दोरी ताणली जायची. आमच्या ड्यूटीवरच्या डॉक्टर, नवीन होत्या, इंटर्नशिप संपून वर्षही झालं नव्हतं, त्या गार्डला म्हणाल्या, ‘दोरी सुटल्याशिवाय मी हात लावणार नाही, आणि काही झालं तर तुमचं नाव लिहीन.’ दोरी सुटली. सर्वोच्च न्यायालयाने 1995 साली आसामच्या एका प्रकरणात नेमकं हेच सांगितलं होतं. तिथे दवाखान्यात खाटेला बेड्या घालून दोरीने बांधलेले कैदी होते, आणि न्यायदंडाधिकाऱ्याच्या परवानगीवाचून बेड्या घालायच्या नाहीत असा आदेश झाला. आमच्या पोरीला बांधलं तेव्हा त्या आदेशाला कितीतरी वर्षं होऊन गेली होती.

मुलगी झाली, सव्वादोन किलोची. सकाळी जन्माचा फॉर्म भरायला बसले. गार्डकडच्या पत्रावर पत्ता होता, जिल्हा कारागृह. मी तो लिहायला लागले तशी ती पहिल्यांदा मोठ्याने बोलली. ‘बाई, गावचा लिहा की.’ मी गावचा लिहिला. तेव्हा मला फक्त तिची दया आली होती. पुढे कळलं, की आर. डी. उपाध्याय खटल्यात 13 एप्रिल 2006 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगातल्या मुलांबद्दल सविस्तर आदेश दिले आहेत. तुरुंगात मूल जन्मलं तरी दाखल्यावर जन्मस्थान म्हणून तुरुंगाचं नाव घालायचं नाही. बारशाची सोय करून द्यायची. बाई गरोदर असल्याचा संशय आला तरी तिला जिल्हा रुग्णालयात नेऊन किती महिने झाले, दिवस कधी भरतात, हे बघायचं. जिच्याकडून धोका नाही तिला बाहेर बाळंत होऊ द्यायचं. त्या निकालात एका आईच्या डोक्यात येतील त्या सगळ्या गोष्टी आहेत. आमच्या दवाखान्यात त्याची एक प्रत भिंतीवर लावलेली असती तर किती बरं झालं असतं.

2022 च्या शेवटी देशभरात 1,537 बायका 1,764 मुलांना घेऊन आत होत्या. या मुलांवर कसलाही आरोप नाही. त्यांची लस, त्यांचं वजन, त्यांचा ताप, सगळं त्याच गार्डवर अवलंबून.

‘कायदे सगळे त्यांच्याच बाजूचे’ हा मुद्दा ऐकून मला वाटतं, हे कायदे झाले कसे ते सांगणाऱ्याला ठाऊकच नाही. 1982 साली पत्रकार शीला बर्से मुंबईच्या तुरुंगात पंधरा बायकांना भेटल्या. त्यांतल्या पाच जणींनी पोलीस कोठडीत आपल्याला मारहाण झाल्याचं सांगितलं. त्यावर 1983 चा निकाल आला आणि बायकांच्या कोठडीवर महिला पोलीस असाव्यात हे ठरलं. 1986 मध्ये न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांची समिती खास स्त्री कैद्यांसाठी नेमावी लागली. गर्भपाताचा कायदा 1971 चा. पण भायखळ्याच्या तुरुंगातल्या एका बाईला गर्भपात हवा होता आणि तो वेळेत होत नव्हता, तेव्हा 2016 साली मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घेऊन सांगावं लागलं, की मूल ठेवायचं की नाही हे ठरवायचा हक्क त्या बाईचा आहे आणि तुरुंगात आहे म्हणून तो संपत नाही. न्यायमूर्ती ताहिलरामाणी आणि न्यायमूर्ती मृदुला भाटकर यांचा तो निकाल. पंचेचाळीस वर्षं जुना कायदा दरवाजातून आत जायला न्यायालय लागलं. यातला प्रत्येक नियम कुणातरी बाईच्या हालांतून आला आहे.

आणि नियम असले म्हणून माणसं आजारी पडायची थांबली का? 2018 च्या जुलैमध्ये भायखळ्याच्या तुरुंगातल्या ऐंशीच्या आसपास बायकांना उलट्या होऊ लागल्या, त्यांना जे. जे. रुग्णालयात हलवावं लागलं. 2021 च्या सप्टेंबरमध्ये तिथेच दहा दिवसांत 39 जणांना करोना झाला, त्यांत सहा मुलं होती. येरवड्यात कांचन ननावरे 2014 पासून, माओवाद्यांशी संबंध असल्याच्या आरोपाखाली, कच्ची कैदी म्हणून होती. तिला हृदयाचा गंभीर आजार होता. आजारपणासाठी जामीन मिळावा म्हणून अर्ज केला होता, वर्षामागून वर्षं गेली, आणि 24 जानेवारी 2021 रोजी ससून रुग्णालयात तिचा मृत्यू झाला. तिच्यावरचे आरोप खरे होते की खोटे, ते ठरायचं राहूनच गेलं. तिच्या राजकारणाबद्दल कुणाला काय वाटायचं ते वाटो. मी एक सिस्टर म्हणून बघते, तर एक हृदयरोगी बाई सहा वर्षांहून जास्त काळ बॅरेकमध्ये काढते, याला चैन म्हणणं माझ्या तोंडून होणार नाही.

पॅडचं तर मघाशी सांगितलंच. नियमावली म्हणते गरजेप्रमाणे द्या. गरज किती हे मोजणारं माणूस वेगळं आणि जिला लागतात ती वेगळी, तिथे सगळा घोटाळा होतो. त्यात पाणी ठरावीक वेळी येणार, संडास सामाईक. कपडा धुवून वाळत घालायला उन्हाची जागा नाही. मूत्रमार्गाचा संसर्ग घेऊन आलेल्या बायकांना मी ‘भरपूर पाणी प्या’ असं सांगायचे. एकदा एकीने शांतपणे सांगितलं, की रात्री कमी पितो आम्ही, संडासला जायला नको म्हणून.

एक मुद्दा मात्र या मेसेजमध्ये खरा आहे, आणि तो मी नाकारणार नाही. बाहेरची गरीब बाई रांगेत मरते. मरते, मी पाहिलं आहे. मेळघाटातून, नंदुरबारच्या डोंगरातून झोळीत घालून आणलेल्या बाया कशा पोहोचतात हे आरोग्य खात्यातल्या कुणालाही विचारा. पण तुरुंगातली बाई आणि ही बाई या दोघी वेगळ्या नाहीत हो. आमच्याकडे तुरुंगातून येणाऱ्या बायका कोण होत्या? ऊसतोडीला जाणाऱ्या, भाजी विकणाऱ्या, भट्टीवर काम करणाऱ्या, नवऱ्याच्या भांडणात नाव गोवलं गेलेल्या. आत जाण्याआधीच त्यांच्या अंगात रक्त नव्हतं. बाहेर होत्या तेव्हा त्या तुमच्या रांगेतच उभ्या होत्या. एकीचं औषध काढून दुसरीला द्यायचं असा हिशेब कुठल्याच दवाखान्यात नसतो. जगभरच्या तुरुंगांसाठीचे ‘नेल्सन मंडेला नियम’ 2015 साली झाले, तेही एवढंच मागतात, की बाहेर समाजाला जी सेवा मिळते तीच आत मिळावी. जास्त कुणी मागितलेलंच नाही.

त्या अडीच महिन्यांनी आलेल्या बाईचं सांगायचं राहिलं. तपासणीत कॅन्सर निघाला नाही. पिशवीत गाठी होत्या, ऑपरेशन झालं, तिला रक्ताच्या तीन बाटल्या लागल्या. टाके काढायच्या तारखेलाही ती येईल की नाही याची मला धास्ती होती. म्हणून मी एक केलं. ओपीडीच्या तारखांच्या वहीत तिच्या नावापुढे लाल शाईने ‘बंदी’ लिहिलं आणि आदल्या दिवशी सकाळी कारागृहाच्या दवाखान्यात फोन लावला, की उद्या हिची तारीख आहे, गार्डचं पत्र गेलं का. पलीकडे कंपाउंडर होता. तो म्हणाला, ‘बरं झालं सांगितलंत, आत्ता पाठवतो.’ दुसऱ्या दिवशी साडेअकराला ती दारात उभी होती.

तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत मी प्रत्येक बंदी बाईच्या तारखेच्या आदल्या दिवशी फोन लावत गेले. सगळ्या नाही आल्या, पण पूर्वीपेक्षा जास्त आल्या. माझ्यानंतर ती वही कुणाकडे गेली ते मी परवा ग्रुपवर विचारलं. त्या दोघींपैकी एकीचं उत्तर रात्री उशिरा आलं: ‘माझ्याकडे होती. मी पण लावायचे फोन. तो मेसेज मी काढून टाकते.’